खोडण्याची रेघ



वहीत एक अपूर्णांक आहे असं समजा. अंशात सोळा, छेदात चौसष्ट. एक मुलगा वरच्या सहावर तिरकी काट मारतो, खालच्या सहावर मारतो आणि उत्तर लिहितो: १/४. उत्तर बिनचूक आहे, रीत मात्र साफ चुकली आहे. सोळामधला सहा हा गुणक नाही, तो एकं स्थानचा अंक आहे आणि त्याला असं उडवता येत नाही. १९/९५, २६/६५ आणि ४९/९८ या अपूर्णांकांतही हाच योगायोग घडतो. इतरत्र तीच रीत वापरली की गणित कोसळतं. आता त्या मुलाने आपल्या रेघा नंतर खोडरबराने पुसल्या असत्या तर? वहीत १६/६४ = १/४ एवढंच उरलं असतं आणि त्याला पूर्ण गुण मिळाले असते. त्याची चूक सापडली, कारण त्याने काय खोडलं ते कागदावर दिसत होतं.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात खोडरबर चालत नसे. चुकलं तर एका रेघेत खोडायचं आणि खालचं वाचता आलं पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी हाच विषय मागून घेतला: खोडलेला मजकूर आणि खोडलेलं गणित छापील पानावर कसं मांडायचं, विशेषतः लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत. विषय किरकोळ वाटेल. पण गणित, विज्ञान, कायदा, इतिहास यांपैकी ज्या ज्या शास्त्रात 'आधी काय होतं' याला महत्त्व आहे, त्या प्रत्येक ठिकाणी हा प्रश्न येतो. माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. खोडण्याची रेघ अशी असावी, की ज्या लिखाणावर ती ओढली जाते त्या लिखाणात त्या रेघेला आधीपासून दुसरा अर्थ नसेल. पुढे जे बोलणार आहे, ते याच्याच आधाराने.

थोडं मागे जाऊ. आपल्याकडे आकडेमोड पाटीवर धूळ पसरून बोटाने किंवा काडीने करत. तिला धूलिकर्म म्हणत. धुळीत पुसणं सोपं, त्यामुळे भागाकार करताना जुना अंक पुसून त्याच जागी नवा लिहीत. अंक सतत बदलत राहत आणि शेवटी फक्त उत्तर उरे. हे हिंदी गणित अरबांकडे गेलं, तेव्हा दमास्कसमध्ये अल-उक्लिदिसी नावाच्या गणित्याने इ.स. ९५२ च्या सुमारास त्यावर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात धुळीची पाटी सोडून कागद आणि शाई वापरण्याच्या रीती दिल्या. त्याचं एक कारण सामाजिक होतं. रस्त्यावर बसणारे ज्योतिषी धुळीची पाटी वापरत आणि भल्या माणसाला ती हातात धरणं कमीपणाचं वाटे. गणिताच्या दृष्टीने मात्र याचा परिणाम फार मोठा झाला. शाई पुसता येत नाही. मग जुना अंक खोडून नवा वर लिहावा लागला आणि आकडेमोडीचा सगळा माग कागदावर राहू लागला. युरोपात सतराव्या शतकापर्यंत भागाकार याच खाडाखोडीच्या पद्धतीने होत असे. त्या भागाकारांची पानं पाहिली तर खोडलेल्या अंकांचा एक त्रिकोणी ढीगच दिसतो.

छपाई आली आणि अडचण सुरू झाली. शिशाच्या खिळ्यावर एकच अक्षर असतं आणि त्याच्यावरून आडवी रेघ नेण्यासाठी तिथे जागा नसते. खोडलेला पाच हवा असेल तर खोडलेल्या पाचचा वेगळा खिळा ओतावा लागतो, नाहीतर तोच कागद दुसऱ्यांदा यंत्रावर चढवावा लागतो. सुरुवातीच्या अनेक छापील अंकगणितांत असे खिळे नव्हते, म्हणून खोडायचे अंक न खोडताच छापले गेले. हाताने लिहिताना जी गोष्ट लेखणीच्या एका फटकाऱ्यात होते, ती छापखान्याला शतकानुशतकं जड गेली. आपल्या जुन्या पोथ्यांमध्ये लेखनिक चुकीच्या अक्षरांवर हरताळ फासत, हेही इथे आठवावं. हरताळाने खालचं झाकलं जातं. शाईच्या काटेने ते शाबूत राहतं. हे दोन वेगळे हेतू आहेत आणि त्यांची गल्लत होता कामा नये.

आता आपल्या काळात येऊ. १९७७ साली डोनाल्ड कनूथ यांच्यापुढे त्यांच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं आली. पहिली आवृत्ती शिशाच्या खिळ्यांवर छापलेली होती, नवी फोटोच्या तंत्राने, आणि गणिताची जुळणी त्यांना इतकी खटकली की त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली. ती टेक. तिच्या पायावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात लाटेक उभारलं. आज जगभर गणित आणि भौतिकशास्त्रातलं बहुतेक संशोधन त्यातच लिहिलं जातं.

या प्रणालीच्या गाभ्यात मजकूर खोडण्याची आज्ञाच नाही. याचं कारण समजून घेतलं की पुढचं सगळं उलगडतं. टेक पानाकडे पेट्या आणि लवचिक जागा म्हणून पाहतं. प्रत्येक अक्षर ही एक पेटी. शब्दांमधली जागा ताणता किंवा आवळता येते. परिच्छेदाच्या ओळी कुठे तोडायच्या हे टेक एकेका ओळीपुरतं ठरवत नाही, सबंध परिच्छेद तोलून ठरवतं. एखाद्या वाक्यावरून रेघ ओढायची तर सोपा उपाय असा, की ते वाक्य एका मोठ्या पेटीत घालायचं आणि पेटीवर रेघ काढायची. पण पेटी मधून तोडता येत नाही. मग तीन ओळींचं वाक्य एकाच ओळीत कोंबलं जातं आणि समासातून बाहेर पडतं. लाटेकमध्ये नवखा माणूस अधोरेखनाची साधी आज्ञा लांब वाक्याला देतो, तेव्हा नेमकं हेच होतं.

यावर डोनाल्ड आर्सेनो यांच्या 'उलेम' या पॅकेजने, म्हणजे लाटेकला जोडायच्या पुरवणीने, तोडगा काढला. शब्द एकेक करून पेटीत घालायचा, त्यावर रेघ द्यायची आणि शब्दांमधल्या लवचिक जागेवरही तितकीच लवचिक रेघ पसरायची. त्यामुळे ओळ शब्दांच्या मध्ये मोकळेपणाने तुटते आणि रेघ अखंड दिसते. खोडण्यासाठीची त्यातली आज्ञा 'एसआउट'. किंमत एवढीच, की शब्द पेटीत बंद झाल्याने ओळीच्या शेवटी तो आपोआप तुटत नाही, कुठे तुटावा ते लेखकाला खूण करून सांगावं लागतं. शिवाय हे पॅकेज नुसतं चढवलं तर ठसवण्यासाठी तिरप्या अक्षरांत यायला हवा तो मजकूर अधोरेखित होऊन बसतो. 'नॉर्मलएम' हा पर्याय दिला की तो पूर्ववत होतो. मेल्शिओर फ्रांत्स यांचं 'सोल' हे दुसरं पॅकेज अधिक बारकाईने काम करतं आणि शब्द तोडूही देतं. पण ते अक्षरं सुटी करून पाहतं, आणि इंग्रजीखेरीज इतर भाषांच्या अक्षरांवर ते बराच काळ अडखळत होतं. म्हणून त्याची सुधारलेली आवृत्ती वेगळी काढावी लागली होती.

इथवर गद्याचं झालं. गणितात मात्र हीच आडवी रेघ घात करते. कशी, ते जवळून पाहू.

कनूथ यांच्या कॉम्प्युटर मॉडर्न या टंकात, दहा पॉइंटांच्या अक्षरात, वजाबाकीचं चिन्ह आणि अपूर्णांकाची रेघ तळरेषेपासून अडीच पॉइंट उंचीवर असते. या उंचीला गणिताचा अक्ष म्हणतात. उलेमची खोडरेघ लहान अक्षराच्या उंचीच्या साधारण मध्यावरून जाते, म्हणजे जवळपास त्याच उंचीवरून. जाडीही तीच. अपूर्णांकाची रेघ ०.४ पॉइंट, खोडरेघ ०.४ पॉइंट. आता वाक्यातला एखादा अपूर्णांक या आज्ञेने खोडून पाहा. खोडण्याची रेघ अपूर्णांकाच्या रेघेशी जवळजवळ मिसळते आणि पानावर फक्त थोडी लांब झालेली रेघ दिसते. अंश जागच्या जागी, छेद जागच्या जागी, खोडल्याची खूण कुठेच नाही. 'अ − ब' खोडलं तर वजाचं चिन्ह रेघेत गडप होतं आणि वाचणाऱ्याला तिथे गुणाकार होता की वजाबाकी हे कळत नाही. बरोबरचं चिन्ह खोडलं तर दोन रेघांमध्ये तिसरी येते आणि '=' चं '≡' होतं. हे चिन्ह एकरूपतेचं आहे. गणिती गाउसने १८०१ मध्ये ते संख्या सिद्धांतात रूढ केलं आणि तेव्हापासून त्याला पक्का अर्थ आहे. खोडायला गेलेल्या माणसाने नकळत नवं विधान लिहून टाकलं.

तिरकी रेघही सर्वस्वी निर्धोक नाही. एकट्या '=' वर तिरकी रेघ दिली की '≠' होतं. एकट्या शून्यावर दिली की रिक्त संचाचं '∅' होतं. ते चिन्ह आंद्रे वेय यांनी नॉर्वेच्या वर्णमालेतून उचललं आणि बुर्बाकी या गणित्यांच्या गटाच्या लिखाणातून ते जगभर पसरलं. तरीही गणितात तिरकी रेघच बरी, एका अटीवर: ती एका चिन्हापुरती आखूड न राहता सबंध पदाच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जायला हवी. पद पूर्ण झाकणारी तिरकी रेघ चिन्हाचा भाग आहे असं कुणाला वाटत नाही. आर्सेनो यांचंच 'कॅन्सल' हे पॅकेज हेच करतं. 'कॅन्सल' ही आज्ञा डावीकडून खालून उजवीकडे वर रेघ काढते, 'बीकॅन्सल' उलट दिशेने, 'एक्सकॅन्सल' दोन्ही मिळून फुली मारते. पारंपरिक लाटेकमध्ये तिरप्या रेघा छोट्या पूर्णांकांच्या गुणोत्तरातल्या ठरावीक उतारांच्याच निघत. हे पॅकेज त्यांतला पदाच्या आकाराला जवळचा उतार निवडतं, म्हणून फार लांब पदावर रेघ अचूक कोपऱ्यात पोचत नाही. माझ्या मते लांब पदाचे तुकडे करून खोडावं, वाचायलाही तेच सोपं जातं.

दोन दिशांचा खरा उपयोग कुठे होतो? १/(१×२) + १/(२×३) + … + १/(९×१०) ही बेरीज घ्या. प्रत्येक पद फोडलं की (१ − १/२) + (१/२ − १/३) + … + (१/९ − १/१०) असं होतं. वजा अर्धा पुढच्या अर्ध्याला उडवतो, वजा एक-तृतीयांश पुढच्या एक-तृतीयांशाला, आणि शेवटी १ − १/१० म्हणजे ९/१० उरतं. सगळ्या रेघा एकाच दिशेच्या असल्या तर कोण कुणाला उडवतं ते दिसत नाही. पहिली जोडी एका दिशेने, पुढची दुसऱ्या दिशेने खोडली, की विद्यार्थ्याचा डोळा आपोआप जोडीवरून जोडीवर जातो. रंगही देता येतो, पण पुस्तक एकरंगी छापलं किंवा छायाप्रत काढली की रंग जातो. दिशा मात्र टिकते.

'कॅन्सलटू' नावाची आणखी एक आज्ञा आहे. ती पदावरून बाण काढते आणि बाणाच्या टोकाशी त्या पदाची किंमत लिहिते. सीमा काढताना अमुक पद शून्याकडे जातं हे दाखवायला ती फार कामाची आहे. टोकाशी दोन किंवा तीन लिहायची वेळ आली तर मात्र जपावं. ती किंमत उजवीकडे वर बसते आणि घातांकासारखी दिसते.

आणि एक उदाहरण, जे मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. (क्ष² − १)/(क्ष − १) याला सोपं रूप दिलं की क्ष + १ येतं. पण मूळ राशीत क्ष ची किंमत १ असू शकत नव्हती, कारण छेद शून्य झाला असता. नव्या राशीत ती बंदी दिसत नाही. पुस्तकात नुसतं पहिलं रूप आणि शेवटचं रूप छापलं, तर ती अट मधल्यामध्ये हरवते. अंशातला आणि छेदातला (क्ष − १) खोडलेला छापला, तर 'या पदाने भागलं आहे, म्हणून हे शून्य नसावं' असं पान स्वतः सांगतं. एक बरोबर दोन सिद्ध करणारी जी फसवी गणितं मुलांना सांगतात, त्यांतल्या बहुतेकांची मेख अशाच एका न दाखवलेल्या काटेत असते.

आता देवनागरीकडे वळू, कारण आपल्यापुढचं खरं काम तिथे आहे. गद्यात आडवी रेघ आणि गणितात तिरकी, असा नियम इंग्रजीपुरता पुरतो. देवनागरीत डोक्यावर शिरोरेषा आधीच आहे. तिच्याखाली दुसरी आडवी रेघ आली तर निदान ती वेगळी ओळखता येते. आखूड तिरकी रेघ मात्र आपल्या लिपीत अक्षराचा अवयव आहे. प च्या पोटातून तिरकी रेघ गेली की पोटफोड्या ष होतो. व च्या पोटातून गेली की ब होतो. म्हणजे मराठी मजकुरात एकेक अक्षर तिरक्या रेघेने खोडणं म्हणजे शुद्धलेखन बिघडवणं. मराठीत शब्द आडव्या आणि अखंड रेघेनेच खोडावा. त्यातही रेघ बारीक असली तर व च्या गोलातून जाताना ती ब चा भास देते, म्हणून शब्दाच्या दोन्ही बाजूंना किंचित पुढे गेलेली आणि अक्षराच्या रेषांपेक्षा वेगळ्या जाडीची रेघ हवी.

ती कोणत्या उंचीवर यावी? उलेम ती उंची लॅटिन लिपीतल्या लहान अक्षराच्या मापाने मोजतं. देवनागरी टंकात ते माप टंक बनवणाऱ्याने लॅटिन अक्षरांसाठी दिलेलं असतं आणि मराठी अक्षराच्या उंचीशी त्याचा संबंध असेलच असं नाही. त्यामुळे टंक बदलला की रेघ अक्षराच्या पोटाऐवजी पायाशी येऊ शकते, आणि पायाशी उकार, ऋकार, पाय मोडण्याची खूण यांची गर्दी असते. उंची प्रत्येक टंकासाठी स्वतः ठरवून द्यावी लागते. हे काम एकदाच करावं लागतं, पण ते कुणीतरी करावं लागतं.

जोडाक्षरांचा प्रश्न वेगळा. अक्षरं सुटी करून रेघ देणारी रीत 'क्ष्म' किंवा 'र्त्स्य' यांच्यावर अडते, कारण तिथे सुटं असं काही नसतंच. मार्सेल क्रूगर यांच्या 'लुआ-यूएल' या पॅकेजची रीत मला म्हणूनच पटते. त्यात मजकुराला आधी नुसती खूण केली जाते. अक्षरं जुळतात, जोडाक्षरं घडतात, ओळी तुटतात आणि त्यानंतर, सगळं जागच्या जागी बसल्यावर, खूण असलेल्या भागावर रेघ ओढली जाते. आधी लिहिणं पुरं, मग खोडणं. माणूसही असंच करतो. २०२० पासून लुआलाटेक या लाटेकच्याच अवतारात हार्फबझ हे अक्षरघडणीचं साधन सहज मिळू लागलं आहे. त्याच्याबरोबर ही रीत वापरली तर मराठीतला खोडलेला मजकूर मराठीसारखाच दिसतो.

दोन आवृत्त्यांमधला फरक दाखवायचा असेल तर फ्रेडरिक टिलमन यांची 'लाटेकडिफ' ही आज्ञावली आहे. जुना आणि नवा मसुदा दिला की ती वगळलेला मजकूर लाल आणि खोडलेला, घातलेला मजकूर निळा आणि नागमोडी अधोरेखित असा तिसरा मसुदा तयार करते. संशोधनपत्रिकांचे परीक्षक अनेकदा असाच मसुदा मागतात. सूत्रांच्या बाबतीत तिला किती बारकाईने फरक दाखवायचा ते आधी सांगता येतं. समीकरणं लांब असतील तर सबंध समीकरण बदललं असं दाखवायला सांगावं, कारण तुकड्या-तुकड्यांनी खोडलेलं समीकरण धड जुनंही वाचता येत नाही आणि नवंही नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल मला मनापासून काळजी वाटते. पीडीएफमध्ये खोडरेघ हा केवळ रंगाचा एक पट्टा असतो. खालची अक्षरं जशीच्या तशी असतात. करारनाम्याच्या मसुद्यातलं खोडलेलं कलम निवडून दुसरीकडे चिकटवलं, की रेघ मागे राहते आणि रद्द झालेलं कलम जिवंत होऊन येतं. 'लागू नसेल ते खोडावे' असं छापलेल्या अर्जात 'होय/नाही' यांपैकी एक खोडून तो अर्ज संगणकाने वाचायला दिला, तर संगणकाला दोन्ही उत्तरं मिळतात. आणि डोळ्यांनी न पाहता कानांनी वाचणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ती रेघ बहुतेक वेळा नसतेच. वेबपानांच्या भाषेत वगळलेल्या मजकुरासाठी वेगळी खूण आहे आणि गणिताच्या मॅथएमएल या भाषेत पदावरची तिरकी काट सांगण्याची सोय आहे. या खुणा अर्थ सांगतात, रेघ हा त्या अर्थाचा फक्त पेहराव असतो. म्हणून लाटेकमध्ये लिहितानाही मजकुरात थेट 'एसआउट' किंवा 'कॅन्सल' पेरू नये. दस्तऐवजाच्या सुरुवातीला स्वतःच्या दोन आज्ञा कराव्यात, एक रद्द झालेल्या वाक्यासाठी, दुसरी उडालेल्या पदासाठी, आणि त्या कशा दिसाव्यात ते तिथेच एकदा ठरवावं. पुढे टंक बदलला, रंग बदलला, पान वेबवर न्यायचं ठरलं, तर एका ओळीत बदल होतो आणि अर्थ कुठेच सांडत नाही.

गणिताची पाठ्यपुस्तकं करणाऱ्यांना माझी विनंती आहे. उदाहरण सोडवून दाखवताना मधल्या पायऱ्या वगळू नका आणि उडालेली पदं उडालेलीच छापा, पुसलेली नको. मराठीत लाटेक वापरणाऱ्या तरुणांना सांगणं आहे, की एक छोटं काम अंगावर घ्या. तुम्ही जो मराठी टंक वापरता त्यात 'वपष' ही तीन अक्षरं, उकार असलेला एखादा शब्द आणि एक जोडाक्षर यांच्यावर खोडरेघ देऊन पाहा, तिची योग्य उंची आणि जाडी ठरवा, आणि ती मापं सगळ्यांना वापरता येतील अशी खुली करून ठेवा.